सोनेरी दाणा

चारकोपची औद्योगिक वसाहत, गाळा सतरा.
घागकाकांच्या लेथशेजारी मी रुमाल सोडला
तर आधी गुडघा निघाला, मग मांडीचे दोन तुकडे,
मग नुसता भुगा.

"पडला?"
नाही.
"कुणी दाबला?"
नाही हो. काचेच्या कपाटात होता नऊ वर्षं.
दोनदाच क्रेनचा माणूस केला,
दोनदा माणसाची क्रेन.
पाचव्यांदा मांडी टक् म्हणाली
आणि सोनं हातात आलं, चुरमुऱ्यासारखं.

किंमत त्यांनी विचारली नाही.
मीच सांगितली, अर्धी करून.

भिंग डोळ्याला, तुकडा नखावर:
"डाय उत्तम. दाणा वाईट.
चमक यावी म्हणून सोनेरी भुकटी कालवतात,
मग प्लॅस्टिक प्लॅस्टिकला धरून राहत नाही.
ह्यात तुझा दोष नाही. कपाटाचाही नाही."
नऊ वर्षं मी त्या कपाटाला ऊन लागू दिलं नव्हतं.
दुपारी पडदा ओढून बसायचो,
बायको म्हणायची, घरात कुणी आजारी आहे का.

मग पिशवीतून दुसरा काढला, लाजत,
भाच्याचा, ओजसचा. लाल बंब.
फूटपाथवरचा, नकली, छातीवरच्या नावात एक अक्षर कमी.
तिसऱ्या मजल्यावरून दोनदा खाली जाऊन आलेला.
खांदे ढिले पडले तेव्हा बहिणीनं
गोळ्यावर नेलपॉलिशचा थर दिला होता, गुलाबी.
काकांनी तो थर अंगठ्यानं चाचपला.
"हे कुणी केलं? हिला पाठव माझ्याकडे."

त्यांनी कॅलिपर लावला.
"अस्सल खेळण्यावरूनच साचा काढलाय.
प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं,
म्हणून चोरलेला माल मुळापेक्षा केसभर लहान.
पण पिन बघ. पोलादी. गंजलीय, आपल्या खाऱ्या वाऱ्यानं,
तरी सुटली नाही.
सांध्याला खेळही बरोबर दिलाय, चुकून असेल."

खेळ म्हणजे?
"दोन भागांमधली जागा.
कमी दिली तर अडतं, जास्त दिली तर लुळं पडतं.
मी एकतीस वर्षं बाटल्यांची बुचं केली, स्विच, कंगवे.
खेळणं एकच. शिट्टी.
ती वाजलीच नाही."

बाहेर टेम्पो मागं येत होता, कुणीतरी
येऊ दे, येऊ दे म्हणत राहिलं.

काका पुन्हा सोन्याकडे वळले.
मांडीची आतली बाजू, जी क्रेन असताना दिसत नाही
आणि माणूस असतानाही दिसत नाही,
तिथं चार बारीक गोल खुणा.
"साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे वण.
आमचा शेठ म्हणायचा, कुठंही येऊ देत, गिऱ्हाईक कशाला बघतंय.
ह्यानं चारही आत लपवलेत.
जोडाची रेघसुद्धा शिवणीत नेलीय."
हा कोण, कुठल्या देशातला, जिवंत आहे की नाही,
दोघांनाही माहीत नव्हतं.
काका भिंग काढून थोडा वेळ
ह्यानं, ह्यानं असंच म्हणत राहिले,
शेजारच्या गाळ्यात बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे.

पितळेची मांडी करतो म्हणाले.
वजन वाढेल, उभा राहील की नाही ठाऊक नाही.
तुकडे मात्र माझ्याकडेच ठेव.

"आणि हा बंब जरा माणूस करून दाखव."

मी दारं उघडली, शिडी मागं नेली, कंबर फिरवली.
छाती वर घेतली, हात बाहेर काढले.
डोकं कुठून येतं ते आठवेना.
ओजसला विचारायला हवं, पण तो शाळेत.
लेथवर, लोखंडी कीस आणि तेलाच्या डागांत
तो तसाच राहिला,
चाकं खांद्यावर, एक हात वर,
मान नसलेला.

"राहू दे," काका म्हणाले, "असा पण उभा राहतोय की."
आणि त्यांनी पितळेचा गज
चकमध्ये घट्ट केला.